पंगतीबाहेर

गहिनी बोर्डिंगाच्या दारातून धावत आला आणि पाया पडायला वाकला, तसा सूर्यभान दोन पावलं मागं सरला. पोराचे हात नुसतेच मातीला लागले.

"ऱ्हाऊ दे," सूर्यभान म्हणाला. "पाय धुळीनं माखल्यात."

पोरगं हसलं. तिसगावकडच्या माणसाचे पाय धुळीनं माखले नसते तरच नवल. हात चड्डीला पुसून त्यानं बापाच्या खांद्यावरून गाडीकडं बघितलं. गाडीत जोंधळ्याचं पोतं होतं आणि खाली शेजारचा भिमाजी बैल सोडत होता. तिसरं कुणी नव्हतं.

"दादा न्हाई आला?"

"खळ्यावर हाय. मळणी चाललीया."

हे वाक्य सूर्यभाननं नगरच्या वाटेवर इतक्या वेळा मनाशी घोळलं होतं की ते नको तितकं सरळ बाहेर पडलं. पोरानं "बरं" म्हटलं, पण त्याचं तोंड उतरलं. दर महिन्याला पोतं घेऊन थोरला कानिफच यायचा आणि बाप यायचा नाही, ही बोर्डिंगात आल्यापासूनची रीत होती.

कानिफ खळ्यावर नव्हता. गेल्या आठवड्यात कडब्याच्या पेंढ्या उचलताना त्याला पान लागलं. त्या बाजूला सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाव घेतलं नाही म्हणून साप कुणाला सोडतो असं मात्र काही नाही. मढीला न्यायचं म्हणून गाडी जुंपली. ज्या कानिफनाथाचं नाव पोराला ठेवलं होतं त्याच्या पायावर त्याला घालायचं होतं, पण गावची शीवसुद्धा ओलांडून झाली नाही. मिसरूड फुटलेलं, बैलाच्या बरोबरीनं राबणारं पोर गाडीतच गार झालं. सूर्यभाननं तिथंच रस्त्यात बैलांची तोंडं घराकडं फिरवली.

घराला सुतक लागलं. दहावा अजून व्हायचा होता. सुतकात कुणाला शिवायचं नाही, नमस्कार करायचा नाही आणि कुणाचा घ्यायचा नाही, दुसऱ्याच्या चुलीशी जायचं नाही, चार माणसांच्या पंगतीला बसायचं नाही. आपल्या घरचं शिजवलेलं कुणाच्या तोंडी घालायचं नाही. पण सुतक कळल्यावर लागतं. ज्याला कळलंच नाही त्याला ते नाही, असं जुनी माणसं सांगत आली होती, आणि सूर्यभाननं तेवढं बोलणं घट्ट धरून ठेवलं होतं. गहिनीची सातवीची फायनलची परीक्षा येत्या आठवड्यात होती. पास झाला तर कुठल्यातरी गावाला मास्तर होणार होता. कानिफ स्वतः चौथीतून उठला होता आणि "मी औत धरतो, पर ह्याला शिकू द्या" म्हणून बापाशी भांडला होता. आता त्याच्या माघारी औत धरायला हेच पोर लागणार हे काय सूर्यभानला दिसत नव्हतं? यंदाची परीक्षा हुकली तर पुढच्या साली त्याला बोर्डिंगात ठेवणार कोण आणि शेत बघणार कोण? परीक्षा होऊ द्यायची आणि मग सांगायचं, असं त्यानं घरात सगळ्यांना बजावलं होतं.

भागूबाईनं, त्याच्या बायकोनं, त्यावर वाद घातला नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. निघताना एवढंच म्हणाली, "नका सांगू. पर एक डाव त्याला पोटभर जेवताना बघून या. एकदा कळलं की पोराच्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाई."

पोतं भिमाजीबरोबर धाडून भागलं असतं. पण भिमाजीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक. आणि कानिफच्या माघारी रिकामी राहिलेली कणगी बघत घरात बसायला सूर्यभानला नको झालं होतं. पोतं भिमाजीनंच स्वतःच्या हातानं भरलं, त्यानंच गाडीत टाकलं. कोरड्या धान्याला सुतक नाही, तरी आपला हात नको म्हणून सूर्यभान बाजूला उभा राहिला होता. आताही भिमाजीनंच ते पाठीवर घेतलं आणि कोठीच्या खोलीत नेऊन टाकलं. परत येताना तो गहिनीकडं बघेना. बाजारात काम आहे, उन्हं कलली की येतो, असं चाकाकडं बघूनच म्हणाला आणि बैल जुंपून निघून गेला.

"आईनं काय दिलंय?" गहिनीनं विचारलं.

"काय न्हाई. गडबडीत निघालो."

हे पोराला पटण्यासारखं नव्हतं. गडबड असो की घराला आग लागलेली असो, भागूबाईनं रिकाम्या हातानं कुणाला पोराकडं धाडलं नसतं. शेंगदाण्या-गुळाचे लाडू नाहीतर धपाटी, काही ना काही यायचंच. ते आलं की बोर्डिंगच्या नियमाप्रमाणं पंगतीच्या मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांना सारखं वाटायचं. गहिनीच्या वाट्याला चिमूटभरच यायचं, पण वाटताना त्याची छाती फुगायची. आता दारात गोळा झालेली पाच-सहा पोरं बापाच्या हातांकडं बघत होती. गहिनी त्यांना म्हणाला, "पुढच्या खेपेला." पोरं पांगली.

मग तो बापाला बोर्डिंग दाखवायला लागला. हे जातं, पहाटे पाळीपाळीनं दळायचं. ही विहीर, प्रत्येकानं दोन हंडे ओढायचे. ह्या वळकट्या, घंटा झाली की गुंडाळून भिंतीला लावायच्या. पुन्हा घंटा झाली की प्रार्थना, पुन्हा घंटा की शाळा, आणि ताटली ज्याची त्यानं घासायची. दोन वर्षांत पोराची भाषा बदलली होती. मास्तरांशी 'आहे' आणि बापाशी 'हाय', असं तो सराईतपणे बोलत होता. सूर्यभान उंबऱ्याबाहेरूनच मान आत घालून बघत होता. पोर पुढं पुढं चाललं होतं आणि पोराच्या मानेवरचा घाम बापाला दिसत होता. तो टॉवेलानं पुसावा असं त्याला फार वाटलं. एरवी तो काही पोरांना कुरवाळणारा बाप नव्हता, पण हात लावायचा नाही म्हटलं की हात शिवशिवतात.

हे सगळं सूर्यभाननं आधी ऐकलेलं होतं. कानिफ पोतं टाकून परत आला की भागूबाई त्याला चुलीपुढं बसवून घ्यायची आणि खोदून खोदून विचारायची. कधी जेवतो, कुणाशेजारी बसतो, किती खातो, कोण वाढतं. कानिफ ऐटीत सांगायचा. आमटी अशी की भाकरी उभी राहील. भाकरी हवी तेवढी. आणि रविवारी भाकरीवर तूप, बोट बुडेल इतकं! तुपाचं ऐकलं की भागूबाई पदरानं तोंड पुसायची आणि त्या दिवशी स्वतः दोन घास जास्त जेवायची. जेवणाच्या घंटेची वेळही तिनं विचारून ठेवली होती. सूर्य घरापुढच्या लिंबाच्या शेंड्यावर आला की आता गहिनीची पंगत बसली म्हणायची आणि मगच स्वतःची भाकरी घ्यायची.

आज रविवार होता. पाठीमागच्या पडवीत पोरं ताटल्या मांडत होती आणि सूर्यभान दारातून ओणवा होऊन बघत होता. प्रत्येक ताटलीत दीड भाकरी पडली. आमटी पळीनं वाढली तेव्हा ताटलीचा तळ दिसला. कडेला मीठ. तुपाचा पत्ता नव्हता. महायुद्धाचे दिवस, सगळंच मोजून मिळायचं. एका पोरानं मीठ जास्त मागितलं तर वाढणारा म्हणाला, लढाई संपल्यावर.

सूर्यभान सरळ झाला. कानिफ दर महिन्याला घरी येऊन धादांत खोटं सांगत आला होता. पहिल्यांदा त्याला रागच आला. पोरगं घरी आलं की ह्याला चांगलं फैलावर घेतो, असं मनात येऊन गेलं, आणि मग कुणाला घेणार हे ध्यानात आलं. त्यानं दारालगतच्या लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. बोर्डिंगासमोरच्या रस्त्यानं लष्करी लॉऱ्या एकामागं एक चालल्या होत्या. त्या गेल्या तरी तो तसाच उभा होता.

स्वयंपाक करणाऱ्या रतनबाईनं त्याला उन्हातून आलेला पाहुणा म्हणून हाक मारली. आत या, चुलीपाशी सावलीला टेका म्हणाली. सूर्यभान म्हणाला, हितंच बरं हाय. तिनं तांब्या आणून पुढं केला.

"वरनं वता," तो म्हणाला आणि त्यानं ओंजळ धरली.

रतनबाईनं वरून पाणी ओतलं. ओतताना तिचा चेहरा बदलला. ह्या बोर्डिंगात कुठल्याही जातीचं पोर घेत आणि सगळी एका पंगतीला बसवत. रतनबाईच्या हातचं न खाणारे, तांब्याला न शिवणारे आईबाप तिनं पूर्वी पुष्कळ बघितले होते. काही आपली पोरं उठवून घेऊन गेले होते. ती आत गेली आणि जे समजायचं ते तिनं आप्पासाहेबांना सांगितलं.

आप्पासाहेब बोर्डिंगचे प्रमुख. माणूस सज्जन, पण ह्या एका बाबतीत कडक. ही पंगत चालवतो म्हणून त्यांच्या सख्ख्या भावानं त्यांना घराबाहेर काढलं होतं आणि तो घाव अजून ओला होता. खोटं त्यांना खपत नसे. सूर्यभाननं त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचा विचार वाटेत केला होता आणि सोडूनही दिला होता. ते लागलीच पोराला बोलावून समोर बसवतील आणि सांगतील, ह्याची त्याला खात्री होती.

ते बाहेर आले तेव्हा पोरं पंगतीत मांडी घालून बसली होती. आलेल्या पालकानं आपल्या पोराशेजारी बसून जेवायचं, आणि तो बसल्याशिवाय श्लोक सुरू करायचा नाही, हा तिथला रिवाज. गहिनीनं शेजारी जागा धरून ठेवली होती. तिथंही एक भरलेली ताटली होती.

"या, बसा," आप्पासाहेब म्हणाले. "पोरं खोळंबली आहेत."

"मी हितंच बरा. तुमी होऊ द्या."

आप्पासाहेबांनी आवाज चढवला नाही. ह्या पंगतीत कोण कोण बसतं ते पोराला ठेवलं त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही मान हलवली होती, असं ते शांतपणे म्हणाले. पोरं पडवीतून ऐकत होती. ज्या पोराच्या शेजारी गहिनी रोज जेवत होता ते पोर आपल्या ताटलीत बघायला लागलं. गहिनीचे कान लाल झाले होते.

"ज्या घराला ही पंगत चालत नाही, त्या घरचं मूल मी ठेवून घेत नाही. मला वाईट वाटतं, पण मी तो नियम कुणासाठी मोडलेला नाही."

सूर्यभाननं दोन्हीकडचा हिशोब करून बघितला. सांगावं तर पोर परीक्षा टाकून आजच गाडीत बसून घरी येणार. गप्प राहावं तर आप्पासाहेब वळकटी बांधायला लावणार. कानिफची दोन वर्षांची मेहनत दोन्हीकडून मातीत चालली होती. राहता राहिली पंगत. सुतकातला माणूस इतक्या लेकरांच्या पंगतीत जाऊन बसणार, त्यांच्या अन्नाला आपला विटाळ लावणार. असलं काम त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. लागायचं ते पाप मला एकट्याला लागू दे, असं मनात म्हणून त्यानं वहाणा काढल्या आणि पडवीच्या पायरीवर पाय ठेवला.

गहिनी बापाकडं बघत होता. आतापर्यंत तो रागानं बघत होता, कारण त्याला बापाची लाज वाटली होती. पण राग धरायचा तर बाप तसा असायला हवा. दुष्काळी कामावर खडी फोडताना ह्याच बापानं कुणाच्याही फडक्यातली भाकरी खाल्ली होती, विहीर खणणाऱ्यांच्या मडक्यातलं पाणी तो प्याला होता, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या चुलत्याला शिव्याही दिल्या होत्या. मग आजच हे काय? सूर्यभाननं पायरी चढताना मान वर केली आणि पोराची नजर त्याच्या कपाळावर गेली. कानिफनाथाच्या धुनीची राख बोटभर कपाळाला लावल्याशिवाय सूर्यभान घराबाहेर पडत नसे. ताप असो, पाऊस असो, राख असायचीच. सुतक असेल तेवढेच दिवस ती लावत नाहीत.

कपाळ कोरं होतं. गहिनी ते बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरला.

मग तो उठला आणि दारात येऊन बापाच्या आडवा उभा राहिला.

"आप्पासाहेब, त्यांना बसवू नका," तो म्हणाला. "उपास आहे त्यांचा. नाथाला नवस बोललेत काहीतरी. कुणाला सांगायचं नाही म्हणून बोलत नाहीत."

आप्पासाहेबांनी सूर्यभानकडं बघितलं. सूर्यभान एक पाय पायरीवर आणि एक पाय खाली असा थांबला होता.

"पाणीसुद्धा वरून घेतात का उपासाला?"

"आमच्याकडं घेतात," गहिनी म्हणाला. दोन वर्षांत त्या जागी तो पहिल्यांदा खोटं बोलत होता, पण आवाज हलला नाही. "आमच्या घरात जातपात पाळत नाहीत. भिमाजीकाकांना विचारा."

आप्पासाहेब वरमले. आधी सांगायचं होतं सूर्यभानराव, माझ्या तोंडून भलतंच गेलं, असं म्हणून त्यांनी हात जोडले. सूर्यभाननं नुसती मान हलवली. हात जोडायचे नव्हते. आतून रतनबाई दारापर्यंत आली आणि पदर नीट करून परत गेली.

"मी त्यांच्यापाशी बसून जेवू का?" गहिनीनं विचारलं. "पंगतीबाहेर. आजच्या दिवस."

आप्पासाहेबांनी होकार दिला. गहिनीनं आपली ताटली आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि पंगतीतल्या कुणाला धक्का लागू नये असा भिंतीच्या कडेकडेनं बाहेर आला. पडवीत श्लोक सुरू झाला.

लिंबाखाली सूर्यभान बसला. गहिनी त्याच्या शेजारी बसला आणि ताटली मांडीपुढं ठेवली. आतला श्लोक संपून भाकऱ्या मोडल्याचा आवाज यायला लागला तरी त्यानं हात घातला नव्हता.

"आई बरी हाय?" त्यानं विचारलं.

"बरी हाय."

पोरानं मान हलवली. पुढं त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. घरात विचारण्यासारखं दुसरं होतं कोण! सूर्यभान मातीकडं बघत राहिला. आता हे पोर उठेल, वळकटी आणील, चला म्हणेल, म्हणून तो वाट बघत होता, आणि तसं झालं तर आपण त्याला अडवू शकणार नाही हे त्याला कळत होतं.

"आबा," गहिनी म्हणाला. "बाकीचं परीक्षा झाल्यावर सांगा. आत्ता नका सांगू."

सूर्यभाननं डोक्याचा फेटा उगाच खाली घेतला आणि पुन्हा बांधला.

गहिनीनं भाकरी मोडली. घास आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि चावत राहिला. पुष्कळ वेळ चावला. मग दुसरा मोडला. तो बापाकडं बघत नव्हता, ताटलीतच बघत होता. सूर्यभान मात्र त्याच्याकडं बघत होता. त्याला तेवढंच सांगून धाडलं होतं. पोटभर जेवला म्हणून भागूबाईला सांगता येणार होतं, आणि कसा जेवला ते जन्मभर सांगता येणार नव्हतं. एक भाकरी संपली. अर्ध्या भाकरीला हात घातला तेव्हा मात्र घास अडकला आणि पोराला जोराचा ठसका लागला.

सूर्यभानचा हात आपसूक उठला आणि पोराच्या पाठीवर गेला. आता दोघांना एकच सुतक होतं, हात लावायला हरकत नव्हती. पाठ घामानं भिजलेली होती आणि हाताखाली थरथरत होती. त्यानं ती वरपासून खालपर्यंत चोळली, पुन्हा चोळली. मग हात तिथंच ठेवला.

गहिनी पाणी प्याला, त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि उरलेली भाकरी आमटीत कुस्करली.